आडवा सिलिंडर

काँक्रीटच्या क्यूबचा रिपोर्ट मागायला आमच्या लॅबमध्ये शेंद्र्यापासून वाळूजपर्यंतचे सगळेच येतात. बीमचा मागणारा मात्र हटकून रस्त्याच्या कामावरचा. बरोबरच आहे. समृद्धी महामार्गासारखा काँक्रीटचा रस्ता चाकाखाली चिरडला जात नाही, तो वाकतो आणि तडकतो. ताणाला काँक्रीट अगदीच लेचंपेचं. दाबाला जेवढं टिकतं, त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा.

मग दोन्ही टोकं धरून सरळ ओढत का नाही? नवीन पोरं हे विचारतातच. ओढून बघा म्हणतो. पकड जराशी तिरकी बसली की नमुना वाकतो, नाहीतर पकडीपाशीच तुटतो; आकडा काँक्रीटचा नाही, पकडीचा निघतो. यातून वाट काढली ब्राझीलच्या लोबो कार्नेरो यांनी, १९४३ मध्ये. रिओत नव्या रस्त्यासाठी एक चर्च रोलरवरून सरकवायचं होतं. युद्धामुळे पोलाद मिळेना, म्हणून काँक्रीटचे रोलर. ते तपासताना दिसलं, की आडवा ठेवून दाबलेला रोलर मधोमध उभा दुभंगतो. चर्च शेवटी पाडलंच. चाचणी मात्र आपल्या भारतीय मानकांत येऊन बसली.

१५० मिमी व्यासाचा, ३०० मिमी लांबीचा सिलिंडर आडवा, वरखाली प्लायवूडच्या पट्ट्या, भार धक्का न देता. २१२ किलोन्यूटनला फुटला तर ताण ३ न्यूटन प्रति चौरस मिमी. एवढं लिहून घेऊन मंडळी निघायला बघतात. मी आधी दोन्ही फाकी हातात देतो. आपली खडी काळ्या बेसाल्टची. साध्या ग्रेडमध्ये ती सहसा फुटत नाही, भेगच तिला वळसा घालते. पण खडी निसटून राहिलेला खळगा गुळगुळीत असेल आणि बोटाला भुकटी लागली, तर समजावं, क्रशरची धूळ धुतलेलीच नाही. क्यूब ही लबाडी बरेचदा पचवतो. सिलिंडर पचवत नाही.

बीमचं दुखणं निराळं. ७०० मिमीचा बीम, ६०० चा गाळा, वरून दोन जागी भार. पीक्यूसीला, म्हणजे रस्त्याच्या वरच्या काँक्रीट थराला, बहुधा ४.५ न्यूटन प्रति चौरस मिमी मागतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार. टाकीबाहेर पडून राहिलेला बीम वरून सुकतो, आत ओलाच. सुकलेला थर आकसू बघतो, आतला भाग त्याला आकसू देत नाही, म्हणजे भार यायच्या आधीच पृष्ठभागावर ताण. आकडा घसरतो आणि तयार काँक्रीट पुरवणाऱ्या आरएमसीवाल्याशी फुकटची भांडणं होतात. त्यामुळे उन्हाळ्यात बीम टाकीतून निघाला की थेट मशीनवर. चहावाला आला तरी थांबेल.