तंबोऱ्यांचा बाजार आणि घरचा जमाखर्च

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागिरांना आपला माल दलालावांचून गिऱ्हाइकापुढें मांडतां यावा, या हेतूनें आम्हीं व आमच्या तीन स्नेह्यांनीं पुण्यांत वाद्यांचें तीन दिवसांचें प्रदर्शन भरविलें. हेतु उत्तम होता. हिशेब मात्र मागाहून झाला.

प्रदर्शनाचा बहुतेक खर्च पहिला प्रेक्षक आंत येण्यापूर्वींच होऊन जातो. सभागृहाचें भाडें, अनामत, वीज, रखवालदार, विमा, यांतील एकही रक्कम विक्रीची वाट पाहत नाहीं. त्यांतून माल नाजुक. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळलेलें फळ. वाटेंत एक धक्का बसला कीं सारी मेहनत फुकट. म्हणून गाद्या घालून स्वतंत्र गाडी करावी लागली. हातानें घडविलेल्या देशी वाद्यावर वस्तु व सेवा कर नाहीं. परंतु त्याच्या गाळ्याच्या भाड्यावर शेंकडा १८! आणि वाद्य करमुक्त असल्यामुळें कारागिरास तो कर कोठें वळताहि करून घेतां येत नाहीं.

पुरें भाडें घ्यावें, तर कारागिराचा नफा त्यांतच जाणार. म्हणून आम्हीं भिडेनें अर्धेंच घेतलें. लोक पुष्कळ आले, तारा छेडून गेले, कौतुक करून गेले. पण तंबोरा म्हणजे कांहीं आंबे नव्हेत. एकदां घेतला कीं दोन पिढ्या वाजतो. शेवटीं ४२ हजारांची तूट आली. खजिनदार आम्ही. पुतणीच्या शिक्षणासाठीं ठेवलेल्या घरच्या समाईक पैशांतून ती आम्हीं गुपचूप भरली.

वडील बंधूंना कळलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "अरे, दान करावें तें सांगून करावें, पोरीच्या फीमधून करूं नये."

मनाचें समाधान करण्यास उदाहरणें मिळतात. जर्मनींत फ्रांकफुर्ट येथें १९८० पासून भरणारें वाद्यांचें जगद्विख्यात प्रदर्शनहि टिकलें नाहीं. खर्चाच्या मानानें लाभ दिसेना, तेव्हां मोठे कारखानदार गळूं लागले. २०२० मध्यें साथीमुळें पडलेला खंड पुढें कायमचाच झाला. परंतु आम्हांस बोंचतें तें निराळेंच. तिसऱ्या संध्याकाळीं, एकही वाद्य न विकलेल्या एका वृद्ध कारागिरानें उरलेलें अर्धें भाडें आमच्यापुढें ठेविलें. आम्हीं तें घेतलें नाहीं. पण आपण त्याच्यावर उपकार करीत आहों, हा आमचा भ्रम त्या क्षणीं गेला.

गणेशोत्सवाची वर्गणी आपण आधीं जमवितों आणि मग मांडव घालतों. वाद्यांच्या बाजाराचा भारहि विकणाऱ्यावर किंवा एखाद्या घरावर न पडतां ऐकणाऱ्या पुष्कळांवर थोडथोडा पडावयास हवा. पुतणीचे पैसे आम्ही दरमहा परत भरीत आहों. यंदाच्या वर्गणीच्या वहींत पहिलें नांव वडील बंधूंचेंच आहे. आंकड्याखालीं त्यांनीं स्वहस्तें अट लिहिली आहे: "रक्कम पुरी जमल्यावांचून सभागृह ठरवूं नये."