शहाण्याही झोपल्या होत्या

नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत, मिशनच्या कंपाउंडांत आणि खेड्यांतल्या वाड्यांवर वाढलेल्या आमच्या पिढीला दहा कुमारींचा दृष्टांत कधी ‘शिकावा’ लागला नाही. शब्बाथ शाळेत तो ऐकला, नाताळाच्या कार्यक्रमात तो केला. पुठ्ठ्याचे दिवे हातात घेऊन पाच मुली एका बाजूला आणि पाच दुसऱ्या बाजूला उभ्या राहायच्या. मूर्ख कुमारींत उभं राहायला कुणी राजी नसे. शेवटी बाई ज्यांना निवडतील त्या मुली डोळ्यांत पाणी आणून तिकडे जात. ते पाणी नाटकातलं नसायचं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायाच्या सुरुवातीच्या तेरा ओव्यांत ही गोष्ट आहे. दहा जणी दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघतात. पाच जणी दिव्याबरोबर भांड्यात तेलही घेतात, पाच जणी घेत नाहीत. वराला उशीर होतो, सगळ्यांना डुलकी लागते, मध्यरात्री हाळी येते. विझत चाललेल्या दिव्यांसाठी पाच जणी तेल मागतात. तुम्हांला आणि आम्हांला पुरणार नाही, विकणाऱ्यांकडे जा, असं उत्तर मिळतं. त्या बाजारात जातात, तेवढ्यात वर येतो आणि दार बंद होतं.

उशिरा येणारा वर आमच्या आज्यांना समजावून सांगावा लागत नव्हता. त्यांच्या लहानपणी वऱ्हाड बैलगाडीनं यायचं. ओढ्याला पाणी आलं किंवा गाडीची कणी मोडली की संध्याकाळचं वऱ्हाड मध्यरात्री वेशीवर पोचायचं. तोवर मांडवातली गॅसबत्ती तेवत ठेवणं आणि करवल्यांना जागं ठेवणं ही बायकांची जबाबदारी. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पॅलेस्टाइनमधलं ते लग्न त्यांच्या डोळ्यांना स्पष्ट दिसत असे.

अडायचं ते दुसरीकडे, आणि आम्हां मुलांचंही तिथेच अडायचं. शहाण्यांनी तेल दिलं का नाही? आमच्या गल्लीत सांजेला कुणाची तरी वाटी कुणाच्या तरी दारात असायचीच. तेल, मीठ, विरजण, रेशनचं रॉकेल, दिवाबत्तीच्या वेळी कंदिलापुरतं बुडकुलंभर. त्या वाट्यांना जात विचारली जायची नाही, धर्मही नाही. शेजारणीला नाही म्हणणं हे आमच्या घरांत पापाच्या यादीत फार वर होतं. आणि इथे खुद्द प्रभू येशूच्या गोष्टीत पाच जणी नाही म्हणतात आणि वर शहाण्या ठरतात!

पाळकसाहेब उपदेशात सांगत की तेल म्हणजे विश्वास. ल्यूथरनंही हाच अर्थ लावला होता. चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्तम या धर्मोपदेशकाला मात्र त्या तेलात दया आणि दानधर्म दिसला, आणि तेल विकणारे कोण, तर गोरगरीब, असं त्यानं सांगितलं. मला हा अर्थ सगळ्यांत जवळचा वाटतो. आमच्या आज्यांनी ख्रिसोस्तमचं नावही ऐकलं नव्हतं, पण त्यांचं वागणं त्याच्या अर्थाला धरून होतं. दळण निवडताना मूठभर बाजरी वेगळ्या डब्यात पडायची. त्या डब्याला घरातलं कुणी हात लावायचं नाही. १९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला, शाळांत सुकडी वाटली जाऊ लागली आणि घराघरांतली माणसं खडी फोडायला गेली, तेव्हा ती मूठ लहान झाली, चिमटीवर आली. डबा मात्र बंद झाला नाही. दारात येणाऱ्याला त्यातलंच दिलं जायचं.

उसन्या तेलाच्या प्रश्नावर आमच्या आजीचं उत्तर तिच्या पिढीतल्या बहुतेक बायकांच्या उत्तरासारखंच होतं. ती म्हणायची, “मी तुला भाकरी देईन, लुगडं देईन. माझी प्रार्थना कशी देऊ? ती तुझी तूच करायची.” म्हणजे त्या पाच जणींचा तो कंजूषपणा नव्हता. आयुष्यभर थेंबाथेंबानं साठलेलं काही मध्यरात्री ओंजळीनं दुसऱ्याच्या दिव्यात ओतता येत नाही. आईच्या विश्वासावर मुलाचं भागत नाही, नवऱ्याच्या पाळकपणावर बायकोचंही नाही. शेजारणीला कधी नाही न म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकलं की त्याचं वजन कळायचं.

आपलं तेल आपणच साठवायचं, आणि त्या तयारीचे दिवसही ठरलेले होते. प्रभुभोजनाच्या आधीचा शनिवार त्यांतला सगळ्यांत कठीण. पौलानं करिंथकरांना लिहिलं आहे की माणसानं आधी स्वतःची परीक्षा करावी, मग ती भाकर खावी आणि प्याल्यातून प्यावं. आमच्या घरांत या परीक्षेचा अर्थ फार व्यवहारी होता. जावेशी अबोला असेल तर शनिवारी संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसायचं. नळावरच्या भांडणात तोंडून गेलेला शब्द मागे घ्यायचा. मोठी माणसं मान खाली घालून दुसऱ्याच्या दारात उभी राहिलेली आम्ही पाहिली आहेत. काही वेळा समोरचं दार उघडायचं नाही. मग रविवारी तो माणूस भाकर न घेता जागेवर बसून राहायचा. मंडळीत सगळ्यांना ते दिसायचं, आणि त्यावर कुणी बोलत नसे.

दुसरा दिवस ३१ डिसेंबर. वर्षअखेरची उपासना रात्री सुरू होऊन बारा ओलांडायची. नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चपासून खेड्यातल्या पत्र्याच्या मंदिरापर्यंत त्या रात्री पुष्कळदा हाच अध्याय वाचला जायचा. बाहेरची डिसेंबरची थंडी आत शिरत असायची, आम्ही पोरं गोधड्यांत गुंडाळून सतरंजीवर. ना. वा. टिळकांची आणि कृष्णराव सांगळ्यांची गीतं पेटीच्या सुरावर लांबत जायची. आणि ती गाता गाताच आमच्या आया पेंगायच्या.

त्या पेंगण्याकडे आम्ही तेव्हा अपराध म्हणून बघायचो. ‘जागृत राहा’ या विषयावरचा उपदेश चालू आहे आणि आई झोपली आहे! पण दृष्टांत नीट वाचला तर दहाही जणी झोपतात. शहाण्याही झोपल्या होत्या, आणि झोपेबद्दल वरानं कुणालाच बोल लावलेला नाही. व्यासपीठावरून हे क्वचितच सांगितलं जायचं, याचं मला आजही वाईट वाटतं. पहाटे चारला उठून दळणारी, शाळेत शिकवणारी किंवा दवाखान्यात रात्रपाळी करणारी, घर ओढणारी बाई रात्री बाराला पेंगणारच. तिची तयारी झोपेच्या आधी झालेली असायची. संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसून, वात कातरून, तेल भरून झालं की तिचे हात मोकळे व्हायचे. मग पवित्र शास्त्र उघडलं जायचं आणि सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना व्हायची. त्या नावांत शेजारचे असायचे, भांडलेले असायचे, मुंबईला गिरणीत गेलेले असायचे. हे रोज, पाहुणे असले तरी, ताप असला तरी.

या बायका वाचू शकत होत्या, यामागे मोठा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१मध्ये काम सुरू केलं, आणि सिंथिया फरारबाईंसारख्यांनी मुलींच्या शाळांसाठी आयुष्य वेचलं. १८४२पासून निघणारा ‘ज्ञानोदय’ पुढे कित्येक घरांत आजीच्या उशाशी असायचा. स्वतः वाचून, स्वतः अर्थ लावून श्रद्धा ठेवणारी बाई आम्ही घरातच पाहिली. दुसऱ्याच्या दिव्यावर आपलं भागत नाही, हे ती कुणाच्या तोंडून ऐकून बोलत नव्हती.

त्यांच्या ट्रंका उघडायची वेळ आली तेव्हा तयारीचा आणखी एक भाग दिसला. तळाशी घडी घालून ठेवलेलं पांढरं लुगडं, डांबराच्या गोळ्यांसह. मातीच्या खर्चापुरते पैसे रुमालाच्या गाठीत. कुणाचं किती देणं आहे त्याची चिठ्ठी, आणि आपल्या दफनाच्या वेळी म्हणायच्या गीतांचे क्रमांक, कोणतं आधी, कोणतं नंतर. आमच्या आजीच्या चिठ्ठीतलं तिसरं गीत कुणालाच येत नव्हतं. चाल माहीत असलेले एक म्हातारे गुरुजी खालच्या गल्लीत राहायचे. त्यांना रिक्षातून आणलं. त्यांनी अंगणात खुर्चीवर बसून आम्हां नातवंडांकडून ते चार वेळा म्हणून घेतलं आणि मगच अंत्ययात्रा निघाली. आता आमच्यातले काही पुण्याला आहेत, काही मस्कतला, आणि साठी ओलांडलेल्या आम्ही बहिणी फोनवर एकमेकींना विचारतो की तू आपले क्रमांक लिहून ठेवलेस का.