डिओचा दमसास

16 मे 2025
मेटल गायक रॉनी जेम्स डिओला जाऊन आज 15 वर्षं झाली. पोटाच्या कर्करोगानं गेला. सकाळची कामं उरकून हेडफोन लावले आणि त्याच्या रेनबो या बँडचं 'स्टारगेझर' ऐकलं. 1976 च्या 'रायझिंग' अल्बममधलं, आठ मिनिटांहून लांब गाणं. एका जादूगारासाठी भर उन्हात मनोरा बांधणाऱ्या गुलामांची ही गोष्ट. डिओ ती गुलामाच्या तोंडून सांगतो. जादूगार वरून कोसळून मरतो, सगळे कष्ट मातीमोल होतात आणि तिथून पुढे गाणं खरं पेटतं. मागे म्युनिकचा वाद्यवृंद चढत जातो, त्याच्याही वरून डिओ आवाज फेकतो. आता घसा फाटणार असं वाटतं, पण स्वर तसूभरही ढळत नाही. किंचाळणं वेगळं आणि तार सप्तकात गाणं वेगळं, हे ज्याला पटत नसेल त्यानं शेवटची दोन-तीन मिनिटं ऐकावीत.

18 मे
गाण्याची रीतसर तालीम डिओनं घेतली नव्हती. लहानपणी ट्रम्पेट शिकला, श्वास राखायला त्या वाद्यानंच शिकवलं, असं तो सांगायचा. ओळीचा शेवटचा शब्दही पहिल्याइतकाच भरीव लागतो तो त्यामुळे. 'मेटलमधले शब्दच कळत नाहीत' म्हणणाऱ्यांना मी त्याचं 'होली डायव्हर' ऐकवतो.

23 जुलै
काल ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला गायक ओझी ऑस्बर्न गेला. मन लागत नाही. अजून 5 जुलैला तर बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून गायला होता.

1979 मध्ये सॅबथनं त्याला काढलं आणि त्याच्या जागी डिओ आला, तेव्हापासून चाहत्यांमध्ये दोन तट आहेत. मला दोघंही हवेत. 'आयर्न मॅन'मध्ये ओझी गिटारवादक टोनी आयोमीच्या रिफच्या पावलावर पाऊल ठेवून गातो, त्या गाण्याचं बळ त्यातच आहे. 'हेवन अँड हेल'च्या कडव्यांत गिटार जवळजवळ बाजूला होते, खाली बास चालत राहतो आणि डिओ त्यावर स्वतःची वेगळी चाल बांधतो. त्यानं सॅबथला नवं गाणं दिलं, ओझीची जागा भरली नाही. ती भरायची नाही हे त्यालाही कळत होतं. ओझी मंचावरून दोन बोटांची शांतीची खूण करायचा. डिओनं ती उचलली नाही. दृष्ट लागू नये म्हणून त्याची इटालियन आजी तर्जनी आणि करंगळी उभी धरायची, ती खूण त्यानं घेतली. बर्मिंगहॅमला ओझीसाठी हात वर गेले, त्यांतही हीच खूण होती.