वजनाचा कागद

गणिताशी माझी फारकत दहावीनंतर झाली. कलाशाखेत प्रवेश घेताना घरी जी कारणं सांगितली त्यांत साहित्याची आवड हे पहिलं होतं. खरं कारण गणित टळावं हे होतं. पण टाळलेली गोष्ट कुठून तरी वाट काढून पुन्हा समोर येतेच. माझ्यासमोर ती गेल्या मे महिन्यात, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलेल्या एका चौकटीच्या कागदाच्या रूपात आली.

कागद माझ्या मावसभावाचा. दादाला नुकताच खाजगी वैमानिकाचा परवाना मिळाला होता. परवाना हाती आल्यावर पहिली फेरी कुणाची, हे आमच्या घरात केव्हाच ठरलेलं होतं : माझ्या आईची. आईचं माहेर भीमाकाठचं, जुन्या पळसदेवच्या बाजूचं. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, त्याच्या आगेमागे पाणी चढत गेलं आणि तिचं गाव पाण्याखाली गेलं. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. पळसनाथाचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की उघडं पडतं. "तेवढं वरून एकदा दाखव रे," असं ती दादाला तो शिकायला गेल्या दिवसापासून म्हणत होती.

विमान चार जणांचं, सेस्ना १७२ जातीचं. दादा, आई, मावशी आणि मी. आदल्या रात्री दादानं विचारलं, "प्रत्येकानं आपापलं वजन सांगा."

मावशीनं पासष्ट किलो सांगितलं. मी अठ्ठावन्न सांगितलं. आई म्हणाली, "लिही साठ."

दादानं लिहून घेतलं आणि मला शेजारी बसवून हिशेब समजावू लागला. या विमानाच्या पुस्तकात सगळं पौंडात आणि इंचात असतं. रिकामं विमान १४५० पौंड. पंखांतल्या टाक्यांत वापरता येईल असं ४० गॅलन पेट्रोल. गॅलनला ६ पौंड, म्हणजे २४०. त्यात माणसं आणि सामान. सगळं मिळून २३०० च्या वर जाता कामा नये. इथवर मला कळलं. ही तर वाण्याची बेरीज होती.

पण दादा म्हणाला, की बेरीज हा अर्धाच हिशेब झाला. वजन किती, याच्याइतकंच ते कुठे बसलंय हेही महत्त्वाचं. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये एक भिंत असते, तिथून अंतर मोजायचं. पुढची माणसं ३७ इंचांवर, पेट्रोल ४८ वर, मागची माणसं ७३ वर, सामान ९५ वर. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतरानं गुणायचं, गुणाकारांची बेरीज करायची, तिला एकूण वजनानं भागायचं. जो आकडा येईल तिथं विमानाचा तोल. तो मागे ४७.३ इंचांच्या पलीकडे जाता कामा नये आणि भरलेल्या विमानात पुढे ३८.५ च्या अलीकडे येता कामा नये.

"आणि गेला तर?" मी विचारलं.

"पुढे गेला तर नाक जड होतं. विमान जमीन सोडायला कुरकुरतं, उतरताना नाक उचलून धरवत नाही. मागे गेला तर त्याहून वाईट. वेग कमी पडून विमान एकदा कोसळायला लागलं, की नाक खाली घालून ते सावरायचं असतं. शेपटीत वजन असलं तर नाक खाली जातच नाही."

आई भाकऱ्या थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "म्हणजे बैलगाडीच की. गाडी उलाळ झाली तर जू बैलांच्या मानेवरून वर जातं, आणि धुरजड झाली तर बैलं मान टाकतात."

दादा हसला. "मावशी, मास्तरांनी तीन तास घेतले होते हे शिकवायला."

मग तो उठला, गाडीतून वजनकाटा घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवला. मावशी रागावली. "आम्ही काय खोटं सांगतोय?" त्यावर दादानं एक हकिकत सांगितली. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट इथून उडालेलं एकोणीस आसनांचं एक विमान लगेच कोसळलं, त्यात असलेली एकवीसही माणसं गेली. शेपटीकडच्या तारांची जुळणी चुकली होती, हे एक कारण. दुसरं हे, की माणसांची वजनं प्रत्यक्ष केलेली नव्हती. ठरावीक सरासरी धरली होती आणि खरी माणसं त्या सरासरीपेक्षा जड होती. कागदावर विमान तोलात होतं, प्रत्यक्षात शेपटीकडे जड होतं. त्यानंतर तिकडे ते सरासरीचे आकडे वाढवावे लागले.

यावर कुणी काही बोललं नाही. मी काट्यावर उभी राहिले : त्रेसष्ट. मावशी चपला काढून, बांगड्याही काढून उभी राहिली : अठ्ठ्याहत्तर. आम्ही सगळे हसलो, मावशीही हसली. आई मात्र हात पुसत म्हणाली, "माझं राहू दे. साठच आहे."

"ताई, माझी अब्रू गेली, आता तू का सुटतेस?" असं म्हणत मावशीनं तिला दंडाला धरून काट्यावर उभं केलं.

सत्तेचाळीस.

दादाला वाटलं काटा बिघडला. त्यानं स्वतः उभं राहून पाहिलं. त्याचे पंच्याहत्तर बरोबर आले. आई पुन्हा उभी राहिली. पुन्हा सत्तेचाळीस.

त्या रात्री मला जे दिसलं ते त्याआधी महिनाभर माझ्या समोरच होतं. पोलक्याला बाजूनं लावलेल्या सेफ्टीपिना. संध्याकाळी अंगात कसकस आहे म्हणून लवकर आडवं होणं. धुळीचा म्हणून दोन महिने चाललेला खोकला. मी एकाच घरात तिच्याबरोबर दोन वेळा जेवत होते आणि प्रेमचंदांच्या स्त्रियांवर निबंध लिहीत होते. ती का बोलली नाही, हे विचारल्यावर म्हणाली, "तुझी परीक्षा होती. आणि या पोरानं इतक्या वर्षांनी विमान आणलंय. दवाखाना काय, नंतरही होतो."

दादा कागदाकडे बघत बसला होता. थोड्या वेळानं त्यानं तो माझ्याकडे सरकवला. मावशीनं तेरा किलो कमी सांगितले होते, आईनं तेरा जास्त. दोघी मागच्या सीटवर बसणार होत्या. साठ आणि पासष्ट एकशे पंचवीस; सत्तेचाळीस आणि अठ्ठ्याहत्तरही एकशे पंचवीस. मागच्या सीटचे पौंड आधी २७५ होते, आताही २७५. फक्त माझ्या खोट्यानं पुढे अकरा पौंड वाढले. एकूण वजन २२७९, तोल ४४.४ इंचांवर, सगळं मर्यादेत. विमान बिनघोर उडालं असतं. दादानं मागच्या दोघींचं वजन एकत्र विचारलं असतं, तर त्या बेरजेत आई कुणालाच दिसली नसती.

सकाळी आम्ही विमानतळाऐवजी सरकारी दवाखान्यात गेलो. थुंकीची तपासणी, छातीचा फोटो. क्षय निघाला. आम्हा घरच्यांचीही तपासणी झाली. औषध सहा महिने, मोफत, एकही दिवस न चुकता. तिथल्या बाईंनी आईला पहिल्यांदा काट्यावरच उभं केलं, कारण गोळ्यांची मात्रा वजनावर ठरते. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "इथंही दादाचाच कागद."

ते सहा महिने कसे गेले हे लिहिण्यासारखं नाही. पहिले काही आठवडे गोळ्यांनी तिला मळमळे, अन्न नको वाटे. मी स्वयंपाक शिकले, वाईट शिकले. दर महिन्याला तिचं वजन दादाला फोनवरून सांगायचं हा माझा नेम झाला. अठ्ठेचाळीस. पन्नास. गणपतीत बावन्न. दादा दर वेळी एवढंच म्हणे, "लिहून घेतलं." नोव्हेंबरात औषध संपलं तेव्हा सत्तावन्न होतं.

डिसेंबरात दादानं पुन्हा कागद काढला. या वेळी गुणाकार मी केले. मागच्या सीटवर आता एकशे पस्तीस किलो, म्हणजे २९७ पौंड. बाकी सगळं तेच. बेरीज २३०१. एक पौंड जास्त.

"आईची पिशवी ठेवून देऊ," मी म्हटलं. पिशवीत धपाटे होते, तिचं वजन दहा पौंड.

"पिशवी येऊ दे," दादा म्हणाला. "पेट्रोल कमी घेऊ. तासाभराला चाळीस गॅलन कशाला?" आणि त्यानं २४० खोडून १२० लिहिलं. मी सगळं पुन्हा गुणलं, भागलं. उत्तर त्यानं तपासलं आणि खाली सही केली.

फेरी झाली. त्या साली पाऊस चांगला झाला होता आणि उजनी काठोकाठ भरलेली होती. देऊळ दिसण्याचा प्रश्नच नव्हता; मे महिना आम्ही दवाखान्यात घालवला होता. खाली नुसतं पाणी, कडेला उसाची शेतं. दादानं विमान जरा कलतं करून एक वळसा घेतला. आई खिडकीला कपाळ लावून बघत होती. मावशीनं विचारलं, "ताई, कुठं गं आपलं घर?"

आईनं काचेवर बोट टेकवलं. "इथंच कुठंतरी," ती म्हणाली, आणि मग पिशवीतून धपाटे काढून तिनं आधी दादाला दिलं.