चावी फिरते, गाडी पकडत नाही

मोटारीच्या रिमोटवाल्या चावीत दोन स्वतंत्र यंत्रणा एकाच डबीत राहतात. पहिली म्हणजे रिमोट. बटण दाबल्यावर सेंटर लॉक उघडतं ते याच्यामुळे. हा एक चिमुकला रेडिओ असतो. भारतात आणि युरोपात तो बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर बोलतो आणि सेलवर चालतो. दुसरी म्हणजे इमोबिलायझरची चिप. तिला ना बटण, ना सेल. इग्निशन स्विचच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. चावी खोचून फिरवली की ते वेटोळं १२५ किलोहर्ट्‌झच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि चिप त्याच क्षेत्रातून आपल्यापुरती वीज घेऊन जागी होते. रिमोटचा सेल पार मेला तरी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, आणि दारं झोकात उघडतात तरी इंजिन ढिम्म, ही दोन्ही दृश्यं त्यामुळेच दिसतात.

म्हणून दुरुस्तीचा पहिला प्रश्न साधा आहे: दार उघडत नाही, की इंजिन सुरू होत नाही? गाडीचा मालक 'चावी गेली' एवढंच सांगतो आणि त्या दोन शब्दांत निदान निम्मा डझन वेगवेगळे बिघाड मावतात. नवा सेल घालून इंजिन सुरू होण्याची वाट पाहणारा भलत्याच घराची बेल वाजवत असतो.

चिप जागी झाल्यावर गाडी तिला एक आकडा देते, दर वेळी नवा आणि आधी अंदाज न येणारा. चिप आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने त्यावर गणित करून उत्तर परत पाठवते. गाडीने स्वतः केलेल्या गणिताशी ते जुळलं तरच इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, इंधन सोडायची मुभा मिळते. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतं. उत्तर जुळलं नाही तर काय होतं, हे मात्र कंपनीगणिक वेगळं. काही गाड्यांत सेल्फच लागत नाही, आणि मग निष्पाप स्टार्टर मोटर खोलली जाते. काहींत सेल्फ दणक्यात फिरतो, पण इंजेक्टर उघडत नाहीत. काहींत इंजिन चक्क सुरू होतं आणि सेकंद-दोन सेकंदांत बंद पडतं. हा तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण तो हुबेहूब इंधनपंप गेल्यासारखा वाटतो. फरक वेळेत असतो. पंप कमजोर असेल तर इंजिन कधी लगेच मरतं, कधी खोकत-खोकत थोडं जास्त चालतं. इमोबिलायझरने बंद केलेलं इंजिन दर वेळी तेवढ्याच वेळाने, कापल्यासारखं बंद होतं. दोन-तीनदा कान देऊन ऐकलं तर पंपाचा खर्च वाचतो.

डॅशबोर्डवरचा दिवाही बरंच सांगतो. चावीचं किंवा कुलूप घातलेल्या मोटारीचं चित्र इग्निशन ऑन केल्यावर काही क्षण दिसून विझलं, तर बहुतेक गाड्यांत ओळख पटली असं समजावं. ते लुकलुकत राहिलं तर नाही. गाडी बंद करून उभी असताना लुकलुकणारा दिवा ही मात्र तक्रार नव्हे. पहारा चालू असल्याची ती खूण आहे.

या पहाऱ्याचा पूर्वज १९८६ च्या शेवरले कॉर्व्हेटमध्ये सापडतो. तिच्या चावीच्या पात्यात एक छोटा विद्युतरोधक बसवलेला असे आणि त्याची मूल्यं होती फक्त १५. पंधराच्या पंधरा चाव्या खिशात घेऊन फिरणाऱ्या चोराला तेवढा अडथळा फारसा नव्हता, पण वायरी जोडून गाडी पळवणारा भुरटा अडला. पुढे चिप आली, आणि १९९८ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. कॅनडात ही सक्ती २००७ मध्ये आली. अमेरिकेने ती कधीच केली नाही. तिथे विकल्या गेलेल्या, चावी फिरवून सुरू होणाऱ्या अनेक किया आणि ह्युंदाई मोटारींत चिपच नव्हती. २०२१ नंतर त्या गाड्या चोरण्याची पोरासोरांत टूम निघाली आणि फोडलेलं लॉक फिरवायला यूएसबी केबलचं टोक पुरलं. चिपमुळे वैताग येतो तेव्हा हे उदाहरण आठवण्याजोगं आहे.

रिमोटच्या तक्रारीत सुरुवात सेलपासून करावी, पण नीट. सीआर २०३२ या नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. त्याच न्यायाने सीआर १६२० म्हणजे १६ आणि २. हे माहीत नसलं की दुकानात २०३२ नाही म्हणून २०२५ गळ्यात मारला जातो. तोही ३ व्होल्टचाच, व्यासही तोच, पण ०.७ मिलिमीटरने पातळ. पट्टी वाकवून तो बसतो, दोन दिवस चालतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की रिमोट मुका होतो. मीटर लावून सेल तपासताना बटण दाबून आकडा पाहावा. निवांत पडलेला थकलेला सेलही ३ व्होल्टच्या जवळपास दाखवतो. बटण दाबल्यावर आकडा कोसळला की त्याचं वय कळतं. अलीकडे काही कंपन्या लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून त्यावर कडू लेप देतात. तो लेप काही रिमोटांत नेमका संपर्काच्या जागी येतो आणि कोरा करकरीत सेल मेल्यासारखा वागतो. असा सेल सापडला तर दुसऱ्या कंपनीचा घालून बघणं हा सोपा मार्ग.

सेल चांगला असूनही एकच बटण चालत नसेल, तर गुन्हेगार ते बटण. सहसा ते 'अनलॉक'चं असतं, कारण बोट तिथेच सगळ्यात जास्त पडतं. मालक सांगतो, 'जोर लावून दाबलं की चालतं.' या वाक्यात निदान पूर्ण आहे. डबी उघडून भिंगाखाली पाहिलं तर स्विचच्या पायाभोवती, सोल्डरच्या चकचकीत टेकाडात, केसाएवढी गोल चीर दिसते. गॅरेजच्या भाषेत ड्राय सोल्डर. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने तिथे ताजं सोल्डर धरलं की काम झालं. स्विचच झिजला असेल तर तो बदलावा लागतो आणि तो मिळतोही स्वस्तात. चावी फरशीवर पडल्यापासून सगळीच बटणं गेली असतील तर मात्र संशय रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलवर घ्यावा. तो आतून तडकला की बाहेरून काहीच दिसत नाही. बोर्ड दिसायला नवा, सेल भरलेला, आणि हवेत एक अक्षर जात नाही.

पावसाळ्यात वेगळी माळ लागते. भिजलेल्या पँटच्या खिशातून किंवा थेट वॉशिंग मशीनमधून आलेल्या चावीत पाण्यापेक्षा सेलच जास्त नुकसान करतो, कारण ओल्या बोर्डावर वीज असेल तर तांबं झपाट्याने खाल्लं जातं. म्हणून आधी सेल काढायचा, वाळवणं नंतर. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवावा, सेलच्या पट्ट्यांवरची हिरवट पुटं घालवावीत. तांदळाच्या डब्यात चावी खुपसून ठेवण्याने ओल थोडी जाते, क्षार तिथेच राहतात आणि महिन्याभराने काम दाखवतात. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तर हे आणखी लवकर घडतं.

कधी चावीत दोषच नसतो. फक्त एका ठराविक पार्किंगमध्ये रिमोट चालत नाही आणि पन्नास पावलांवर नीट चालतो, तर त्या जागी त्याच फ्रिक्वेन्सीवर कोणीतरी दुसरं बोलत असतं: बिनतारी डोअरबेल, गेटचा रिमोट, बिघडलेलं एखादं स्वस्त उपकरण. आणखी एक प्रकार घरातल्या लहानग्यांमुळे होतो. रिमोट प्रत्येक वेळी नवा संकेत पाठवतो आणि गाडी त्याची मोजदाद ठेवते. कीलॉक नावाच्या जुन्या, सर्रास वापरल्या गेलेल्या पद्धतीत गाडी पुढचे १६ संकेत निमूट स्वीकारते. गाडीपासून लांब, घरात बसून पोराने शंभरदा बटण दाबलं की चावी त्या मर्यादेपलीकडे निघून जाते. मग लागोपाठ दोनदा बटण दाबल्यावर गाडी हिशेब जुळवून घेते. पहिल्या दाबण्याला काही झालं नाही म्हणून चावी खिशात टाकणाऱ्याला हे कळत नाही.

इमोबिलायझरच्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त वेळा भेटणारी गोष्ट बिघाड नसतेच. चावीची डबी झिजली, बटणाचं रबर फाटलं, म्हणून मालक बाजारातून नवी डबी आणतो. रिमोटचा बोर्ड काढून नव्या डबीत घालतो, पातं बसवतो, स्क्रू आवळतो. दारं उघडतात. गाडी सुरू होत नाही. कारण बऱ्याच चाव्यांत चिप बोर्डावर नसते. ती पात्याच्या मुळाशी एका खाचेत स्वतंत्र बसवलेली असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची कुपी किंवा पाचरीच्या आकाराचा काळा तुकडा. जुन्या डबीचा तो एक भाग वाटतो आणि डबीबरोबर कचऱ्यात जातो. 'आधीची डबी कुठे आहे?' हा प्रश्न स्कॅनर जोडण्यापूर्वी विचारावा. घंटागाडी येऊन गेली नसेल तर दुरुस्ती फुकट होते.

चिप जागेवर असून ओळख पटत नसेल, तर जुडग्याकडे बघावं. चिपवाल्या दोन चाव्या एकाच कडीत असल्या की दोघी एकदम बोलू लागतात आणि वेटोळ्याला कोणाचंच धड ऐकू येत नाही. धातूचं जाड, चावीच्या डोक्याला चिकटून बसणारं किचेनही असाच त्रास देतं. इतकं करूनही भागलं नाही की दुसरी चावी मागवावी.

दुसरी चावी हे या कामातलं सगळ्यात भरवशाचं हत्यार, महागड्या स्कॅनरहूनही. गाडी घेताना दोन मिळतात. एक वापरात झिजते, दुसरी कपाटात दागिन्यांशेजारी पडून असते. दुसरीने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत, विषय संपला. दोन्हींनी नाही झाली तर चाव्या निर्दोष धरून गाडीकडे वळायचं: वेटोळं, त्याचा कनेक्टर, वायरिंग, फ्यूज आणि बॅटरी. स्टिअरिंग कॉलमच्या आवरणाखालचा तो कनेक्टर कुणी लॉक बदलताना अर्धवट बसवलेला सापडतो. वेटोळ्याची तार तुटली असेल तर मीटरवर लगेच कळतं, कारण चांगल्या वेटोळ्याचा रोध काही ओहमच्या घरात असतो. बॅटरीकडे तर कोणी बघतच नाही. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते, पण सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर आतले संगणक गोंधळतात आणि चांगल्या चावीलाही परकी ठरवू शकतात. सकाळी गारठ्यात ओळख पटत नाही, दुपारी पटते, असं ऐकलं की आधी बॅटरी तपासावी.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत मांडणी थोडी निराळी आहे. तिथे गाडी जवळपास १२५ किलोहर्ट्‌झवर हाक मारते आणि खिशातला फॉब ४३३ वर ओ देतो. ओ द्यायला सेल लागतो. सेल संपला की 'की नॉट डिटेक्टेड' असा संदेश येतो आणि माणूस हायवेवरच्या ढाब्यासमोर हवालदिल होतो. पण बिनसेलची चिप याही फॉबमध्ये असते. फॉबमध्ये दडलेलं पातं काढून दार उघडावं (कीहोल काही गाड्यांत दाराच्या मुठीवरच्या टोपणाखाली लपलेलं असतं), ब्रेक दाबून फॉब थेट स्टार्ट बटणाला टेकवावा आणि त्यानेच बटण दाबावं. काही गाड्यांत ही जागा कन्सोलच्या कप्प्यात असते. मॅन्युअलमध्ये तिचं चित्र दिलेलं असतं.

स्कॅनर लावायची वेळ यानंतर येते. पी ०५१३ हा कोड चुकीची चावी सांगतो, पी ०६३३ म्हणजे ईसीएमकडे चावीची नोंदच नाही. जुन्या बाजारातून आणलेला ईसीएम बसवल्यावर दुसरा भेटतो, कारण तो अजून आधीच्या गाडीच्या चाव्या ओळखत असतो. नवी चावी करतानाही एक भेद लक्षात घ्यावा. रस्त्यावरचा चावीवाला पुष्कळदा जुन्या चिपची नक्कल करतो. गाडीच्या लेखी त्या दोन्ही एकच. कंपनीचं वर्कशॉप नवी चिप स्वतंत्र नोंदवतं. नक्कल शक्य होते ती जुनी गणितं फुटल्यामुळे: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४० बिटांची पद्धत संशोधकांनी २००५ मध्ये फोडली. मेगामॉस या चिपवरचा शोधनिबंध फोक्सवॅगनने २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयातून अडवला होता. तो २०१५ मध्ये छापून आला. नक्कल केलेली चावी चालते उत्तम, पण मूळ हरवली आणि तिची नोंद पुसायची झाली की नक्कलही तिच्याबरोबर बाद होते.

दोन्ही चाव्या हरवणं हे सगळ्यात खर्चिक प्रकरण. गाडी घेताना मिळालेल्या कार्डावर किंवा टॅगवर चावीचा किंवा सुरक्षेचा कोड असेल तर खर्च बराच कमी होतो. नसेल तर मालकीची कागदपत्रं दाखवून तो कंपनीकडून मिळवावा लागतो, आणि काही गाड्यांत ईसीएमच बदलावा लागतो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, तेव्हाही कपाटातली चावी कामी येते. जुनी गाडी विकत घेताना स्कॅनर लावून नोंदलेल्या चाव्यांची संख्या पाहावी. विकणाऱ्याने दोन दिल्या आणि गाडी तीन सांगत असेल, तर सगळ्या नोंदी पुसून हातातल्या दोनच पुन्हा नोंदवाव्यात. तिसरी चावी त्यानंतर इंजिन सुरू करू शकत नाही; तिच्या पात्याने दार मात्र उघडतंच, आणि ते बंद करायचं तर लॉक बदलावं लागतं.