खारघरच्या वाऱ्यात एक सकाळ

मृग लागून चार दिवस झाले होते. पाऊस मात्र आला नव्हता. वाशीच्या मसाला बाजारात माझी तीस वर्षे गेली, पण तेथून फार दूर नसलेले खारघरचे गोल्फ मैदान मी कधी पाहिले नव्हते. श्रीमंतांचे रिकामे चालणे, एवढेच त्याविषयीचे माझे मत. पुतण्याने तीनदा आग्रह केला तेव्हा गेलो, आणि खरे सांगायचे तर मैदान पाहण्यापेक्षा पुतण्यालाच पाहावे म्हणून गेलो. थोरले बंधू गेल्यापासून वखार तोच सांभाळतो. मार्चअखेर साठा मोजला तेव्हा धण्याचे वजन कमी भरले. "सुकवणीची घट आहे, काका," तो म्हणाला. माल सुकतो, वजन उतरते, हे मलाही ठाऊक. पण घट नेहमीपेक्षा अधिक होती. भागीदारीचा कागद तेव्हापासून माझ्या कपाटात सहीविना पडून होता.

सिडकोने उभारलेले हे मैदान सेंट्रल पार्कलगत, डोंगरांच्या कुशीत आहे. जवळच पांडवकडा. वनवासात पांडव येथे आले होते, अशी लोकांची श्रद्धा. पावसाळ्यात १०७ मीटरवरून कोसळणाऱ्या त्या धबधब्याच्या जागी त्या दिवशी कातळावर काळी रेघ तेवढी उरली होती. सपाट हिरवळीची माझी कल्पना पहिल्याच चढाला गळून पडली. एक टेकाड ओलांडावे तो पुढे उतार, उताराखाली पुन्हा चढ. आणि सगळ्यावर खाडीकडून येणारा, डोंगराला अडून माघारी फिरणारा वारा. टोपी दोनदा उडाली. टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून गवतातून पाऊल जपून टाकत होतो.

चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, तो जाऊन पडायचा त्या खळग्याची रुंदी १०८ मिलिमीटर. समोरचा वारा चेंडूला उगीच वर उचलतो आणि त्याची मजल तोडतो, म्हणून जाणता खेळाडू तो बुटका मारतो, हे पुतण्याने समजावले. पूर्वी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू करीत. आता रबर आणि प्लॅस्टिक वापरतात, हे ऐकून मला बरे वाटले. हातमोजा मात्र बहुधा चामड्याचाच असतो. त्याने वहिनींच्या धाकाने कृत्रिम कापडाचा घेतला होता.

एका उतारावर त्याचा चेंडू वाळल्या गवतात थांबला. कॅडी पुढे गेला होता. पुतण्याने वाकून चेंडूजवळची एक काडी उचलली, तसा चेंडू बोटभर सरकला. त्याने तो मूळ जागी ठेवला, तडाखा मारला आणि खिशातल्या कागदावर काही लिहिले.

"एक दंडाचा," तो म्हणाला.

"अरे, वारा केवढा आहे! वाऱ्याने हलला असेल."

"वाऱ्याने हलला तर दंड नसतो, काका. नव्या जागेवरून खेळायचे. पण मी काडी काढली, मग तो हलला."

या खेळात पंच बहुधा जवळ नसतो. आपला हिशेब आपणच लिहायचा. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी इतर कोणाला न दिसलेला असाच एक दंड स्वतःवर लावून घेतला, त्यामुळे बरोबरी झाली आणि निर्णायक खेळात ते एका फटक्याने हरले. पुतण्याला ही हकीकत ठाऊक होती. मी विचारल्यावर सांगितली, तीही दोन वाक्यांत.

पुढच्या चढावर मला धाप लागली. दगडावर बसलो. खाली खारघरच्या इमारती, वर ढगांची नुसती ये-जा. वजन कमी भरले तेव्हा मी त्याच्याकडे पाहिले होते. काट्याकडे पाहिलेच नव्हते, हे तेथे बसल्यावर आठवले. तो काटा बंधूंच्या वेळचा. शेवटचा केव्हा तपासून घेतला, तेही आठवेना.

परतताना गाडीत म्हणालो, "उद्या सकाळी वखारीत येतो. प्रमाणित वजने मागवून ठेव, काटा लावून पाहू."

"मी एप्रिलमध्ये दोनदा म्हणालो होतो," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

म्हणाला होता खरा.