निशाणी नांगर

पितृपक्षात आजोबा तर्पणाला बसले की मी शेजारी बसून नावं ऐकायचो. बाप, आजा, पणजा; वसुरूप, रुद्ररूप, आदित्यरूप. तीन पिढ्या झाल्या की यादी संपली. आजोबांच्या तोंडी माझ्या खापरपणजोबांचं नाव दुसरं यायचं. पुढे वडिलांच्या तर्पणात ते तिसरं झालं. वडील गेले, पळी माझ्या हातात आली आणि ते नाव यादीतून गळालं. रीत तशीच आहे, तक्रार कसली करणार? पण इतकी वर्षं ज्यांचं नाव ऐकलं ते गृहस्थ होते तरी कोण, हे विचारावंसं वाटलं तेव्हा सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

उरली होती ती आजोबांची लोखंडी ट्रंक. आतले कागद मोडीतले. मग मोडीचा वर्ग लावला. आधी ओळभर रेघ ओढायची आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरं गुंफत जायची, ही तिची चाल. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, शब्द कुठे तुटतो ते आपणच ओळखायचं. पहिला कागद लागला तो कर्जरोखा निघाला. शके 1805, सुभानुनाम संवत्सर. 78 मिळवले की 1883. बैलजोडीसाठी घेतलेलं कर्ज. सहीच्या जागी शाईने काढलेला नांगर: आडवा हाळीस, उभं रुमणं, खाली फाळाचं टोक. रेघ मध्येच थरथरलेली. शेजारी लिहिणाऱ्याच्या वळणदार अक्षरात ‘निशाणी नांगर’. अक्षरओळख नसलेला कुणबी अशीच सही करायचा.

आमचं गाव पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या अलीकडे. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले ते वह्या आणि रोखे हिसकावून जाळण्यासाठी. खापरपणजोबा तेव्हा ऐन पंचविशीत. ते त्या गर्दीत होते की नाही, याचा कागद नाही. त्यानंतर 1876 ते 1878 चा दुष्काळ आला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कुणब्याचा रोखा सरकारी निबंधकासमोरच व्हावा, अशी तजवीज त्यात होती. म्हणजे ज्या रोख्यांची होळी झाली, तसाच एक रोखा आठ वर्षांनी खापरपणजोबांनी पुन्हा करून दिला. बैलाशिवाय शेत कसं होणार?

पुढचा माग तहसिलातल्या जुन्या दप्तरात लागला. जमिनीच्या नोंदीत नाव, आकार आणि बाकी. कोतवाल बुकात मृत्यूची एक ओळ: वय अंदाजे पन्नास, कारण पटकी. सरकारी कागदाला हा माणूस दिसला तो सारा देताना, कर्ज घेताना आणि मरताना. बायकोचं नाव कुठेच नाही.

ते मिळालं नाशिकला. पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं आणि लांबोडकी वही काढली. खापरपणजोबा आईच्या अस्थी घेऊन आले होते. त्यांनी तोंडी सांगितलेलं उपाध्यायांच्या पूर्वजांनी उतरवून घेतलं होतं: बाप, आजा, चुलते, भाऊ, आई, बायको आणि दोघींची माहेरं. खाली तोच नांगर. या खेपेला रेघ सरळ होती.

2023 पासून, मराठ्यांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीच्या निमित्ताने महाराष्ट्रभर मोडी दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. दाखल्यापुरतं का होईना, लोक खापरपणजोबांपर्यंत जाऊ लागले, हे चांगलंच झालं. पण दाखल्याला पुरुषांची साखळी पुरते. त्या साखळीत बायकांची नावं येत नाहीत, आणि कोणी शोधतही नाही.

म्हणून एक विनंती. घरातले मोडी कागद रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवा. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापाशी बसून आज्या, पणज्या, त्यांची माहेरं, सासरी गेलेल्या लेकी, सगळी नावं लिहून घ्या. खाली तारीख घाला. हे काम कुठलंही सरकारी दप्तर तुमच्यासाठी करणार नाही.